भालेरावकाका आणि दोन थेंब निळं

भालेरावकाकांशी हात मिळवू नये, हे आम्ही येरवड्यातल्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी मला कोणी सांगितलं नाही. काका वरच्या मजल्यावरून खाली आले, ‘जय भीम’ म्हणाले आणि हात पुढे केला. माझी पाचही बोटं निळी झाली. दुसऱ्या दिवशी खराडीच्या नव्या कंपनीत मी तशाच हाताने रुजू झालो. मॅनेजरने विचारलं, ‘‘किती वेळा मतदान केलंत?’’

हे निळं म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. माशांना बुरशी लागली की पाण्यात घालायचं औषध. काका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आता मासे पाळत होते आणि त्यांच्या लेखी जगातल्या झाडून साऱ्या दुखण्यांवर हाच इलाज होता. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी म्हणायचे, ‘‘दोन थेंब निळं घाला. पण प्रमाणात!’’

त्या उन्हाळ्यात वीज रोज जायची. एका संध्याकाळी काका काचेची बरणी छातीशी धरून दारात उभे. आत निळसर पाणी, पाण्यात पाटीचा तुकडा आणि त्यावर खसखशीएवढी अंडी.

‘‘एंजल माशाची आहेत. आईबापच खातात, म्हणून वेगळी काढली. हवेचा पंप बंद पडला की सगळी गेली. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे ना?’’

हा प्रश्न नव्हता. बरणी आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली आणि आम्ही ताटं मांडीवर घेतली. शिवाय हुकूम सुटले. पडदा उघडायचा नाही, उजेडाने औषधाचा रंग उतरतो. डासांचं काही फवारायचं नाही. शेवटी माझी बायको सुजाता म्हणाली, ‘‘फोडणी देऊ, की आधी अंड्यांना विचारता?’’

‘‘द्या. झाकण ठेवून द्या.’’

काका दिवसातून आठ वेळा यायचे. एका अंड्याची बुरशी शेजारच्याला लागते म्हणून पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने टिपायचे, आणि टिपता टिपता चौकशा. आज भाजी काय? लेकीला गणितात किती? सुजाताच्या भावाचं लग्न जमलं का? मी एकेका शब्दात उत्तर देऊन पेपर तोंडापुढे धरायचो. काका पेपरच्या वरून पुढचा प्रश्न टाकायचे.

तिसऱ्या सकाळी निम्मी अंडी पांढरी झाली होती. काकांनी ड्रॉपर झटकन वर काढला आणि त्यातला थेंब माझ्या पांढऱ्या शर्टावर पडला.

‘‘काका, आज क्लायंट येणार आहे!’’

‘‘शर्टाला आता बुरशी लागणार नाही,’’ काका म्हणाले.

माझा तोल गेला. ‘‘उद्या ही बरणी वर न्या. आणि आमच्या घरात काय शिजतं, हे रोज विचारायला येऊ नका.’’

काका उरलेली पांढरी अंडी टिपून निघून गेले. चष्मा टेबलावरच विसरले.

संध्याकाळी घरी आलो तर सुजाता बरणीजवळ वाकून उभी होती. ‘‘शेपट्या वळवळतायत बघ!’’ आता काकांना सांगणं भागच होतं. चष्मा घेऊन मी पहिल्यांदाच वर गेलो.

दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत खाटेवर काकू. त्या आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अंगाची एक बाजू लुळी पडली आहे आणि वाचाही गेली आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. काका त्यांचे केस विंचरत होते आणि बोलत होते.

‘‘सुजाताने आज मेथी केली होती. पोरीला गणितात अठरा. वीसपैकी, बरं का! तो मात्र चिडलाय. शर्ट निळा केला मी त्याचा.’’

काकूंच्या ओठांची एक कड हलली.

‘‘हसलीस? हस. पण उद्या काय सांगू तुला? त्याने येऊ नका म्हटलंय.’’

मी दोन पावलं मागे आलो आणि बेल वाजवली.

‘‘काका, पिल्लं निघाली. जा, बघून या. मी बसतो इथे.’’

काका चष्मा लावत धडपडत जिना उतरले. मी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि दुपारी कँटीनमध्ये काय गोंधळ झाला ते काकूंना अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो.