उद्घाटनाच्या हिरड्या

हिरड्यांच्या रोगावर लेसर किरणांनी उपचार करणारे यंत्र रामदासपेठेतल्या एका धर्मादाय दंत रुग्णालयात आले, ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात. खोके उघडताना विश्वस्त मंडळ जातीने हजर होते. यंत्राला हार घातला, नारळ फोडला आणि वर पांढरी चादर पांघरली. ती चादर मंत्र्यांनी काढायची होती आणि मंत्री नागपुरात येत ते हिवाळी अधिवेशनाला. त्या काळी शहरातले पूल, पाण्याच्या टाक्या आणि पुतळे, सगळे तयार होऊन डिसेंबरची वाट पाहत उभे असत. हिरड्यांनीही ती पाहावी, यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

मधल्या काळात एक सुधारणा झाली. दात खरवडून साफ करण्याचे जुने काम बंद करण्यात आले. लेसर असलेल्या रुग्णालयाला ते शोभत नव्हते.

अशात काटोलहून प्रयागबाई आल्या. सोबत नवरा, शालिकराम. संत्र्याच्या बागेत राबलेली बाई. तंबाखू-गुळाचा काळा गुडाखू बोटाने हिरड्यांना चोळायची सवय लहानपणापासूनची. हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या, भाकरीच्या घासाला रक्त लागायचे. रुग्णालयाच्या डॉक्टर पाठराब्यांनी तोंडात पाहिले. दात अजून घट्ट होते; डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"माये दात वाचतीन ना जी, डाक्टर?" प्रयागबाईंनी विचारले. "मले कवळी नाही पायजे. आमच्या जाऊबाईची कवळी लगनात वरणात पडली होती."

"वाचतील. गुडाखू सोडा. एकदा साफसफाई केली की—"

"थांबा!" दारातून विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष मनोहरराव गरजले. त्यांचा संत्र्यांचा घाऊक धंदा; माल पारखण्यात हयात गेलेली. त्यांनी प्रयागबाईंच्या तोंडात डोकावून पाहिले. "अशा हिरड्या पुन्हा मिळायच्या नाहीत, डॉक्टर. ह्या राखून ठेवा. पहिला उपचार यांच्यावर, मंत्र्यांच्या हस्ते."

"पण तोपर्यंत रोग वाढेल."

"मग तर जास्तच उठून दिसेल."

डॉक्टर आणखी बोलणार होते; पण बटण दाबताना मंत्र्यांच्या शेजारी आपण उभे असू आणि तो फोटो वर्तमानपत्रात येईल, हे त्यांच्या लक्षात आले. ते वैद्यकीय कारणास्तव गप्प बसले.

"आज काहून नाही होत जी?" शालिकरामने विचारले. "मशीन तं इथंच हाये."

"चादर आहे ना वर," मनोहररावांनी समजावले. शालिकरामला पटले. मोठ्या लोकांच्या चादरीला हात कसा लावायचा?

तेव्हापासून प्रयागबाई रुग्ण राहिल्या नाहीत; त्या नियोजित रुग्ण झाल्या. त्यांच्या दातांना कोणीही हात लावू नये, असे फर्मान निघाले. इकडे रामदासपेठेत लेसरची हवा पसरली. विश्वस्त पुष्पलताबाई, ज्यांच्या हिरड्या गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या होत्या, प्रत्येक हळदीकुंकवात सांगत, "माझा नंबर दुसरा आहे हं!" ज्यांचा नंबर नव्हता, त्यांना आपले तोंड मागासलेले वाटू लागले.

दिवाळीत मात्र अनर्थ घडला. डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलेले प्रयागबाईंनी मनावर घेतले होते. त्यांनी गुडाखू सोडला होता. सूज उतरली, रक्त थांबत आले. तपासणीला आल्या तेव्हा त्या हसतच होत्या.

मंडळाची तातडीची सभा भरली. "हा विश्वासघात आहे," मनोहरराव म्हणाले. "मंत्र्यांना काय दाखवायचं? सुधारणा?" पुष्पलताबाईंना गहिवरून आले. शेवटी एकमताने ठरले की नियोजित रुग्णाची अवस्था टिकवण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी, आणि प्रयागबाईंना गुडाखूचे डबे फुकट पुरवावेत. तो खर्च यंत्राच्या देखभालीत धरण्यात आला.

"डाक्टरनं सोड म्हटलं, अन् आता हेच देऊन राहिले?" प्रयागबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"चोळ वं गुमान. शिकलेले लोकं हायेत, त्यायले समजते. मोठ्या इलाजाची रीतच वेगळी राह्यते."

डिसेंबर आला. प्रयागबाई नवे लुगडे नेसून, चादरीतल्या यंत्राशेजारी तोंड उघडून दुपारभर बसल्या. मंत्र्यांची गाडी मोर्चात अडकली. मग अधिवेशनच संपले. "पुढल्या वर्षी नक्की," मनोहररावांनी धीर दिला आणि डबे चालू ठेवले.

हिरड्यांनी पुढले वर्ष मानले नाही. उन्हाळ्यात खालचे दात हलू लागले. पोळ्याला पुरणपोळीत दोन आले. पुरणपोळीत, जिला चावावेही लागत नाही! दसऱ्यानंतर तोंड मोकळे झाले. प्रयागबाई भाकर दुधात कुस्करून, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागल्या. शालिकराम समोर बसेना.

डिसेंबरात मंत्री खरेच आले. डॉक्टरांनी प्रयागबाईंचे तोंड उघडले आणि मनोहररावांना बाजूला ओढले. "साहेब, दातच नाहीत."

"आणि रोग?" मनोहररावांनी विचारले.

"दात गेले की हा रोगही जातो. सूज नाही, रक्त नाही."

मनोहररावांचा चेहरा क्षणभर पडला आणि मग हळूहळू उजळला.

चादर निघाली. बटण दाबले गेले. यंत्राचा लाल दिवा लागला, लोक "अहाहा" म्हणाले. मनोहररावांनी माइक हाती घेतला. "दीड वर्षापूर्वी या माउलीच्या तोंडातून रक्त वाहत होते. त्यानंतर त्या केवळ आमच्या देखरेखीखाली होत्या. आज रोगाचा मागमूस नाही!"

मंत्री वाकले, त्यांनी स्वतः पाहिले आणि प्रेमाने विचारले, "काय मावशी, आता दुखतं का?"

"नाही जी," प्रयागबाई म्हणाल्या. "दुखाले काही राह्यलंच नाही."

"ऐकलंत?" मंत्री सभेकडे वळले. "दुखायला काही राहिलंच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयागबाईंना शाल, श्रीफळ आणि सत्काराची एक आख्खी सुपारी मिळाली. त्या शालिकरामबरोबर संध्याकाळच्या एसटीने गेल्या. पुन्हा त्यांची चौकशी कुणी केली नाही. मांडवात नंबर लावायला एवढी झुंबड उडाली होती की त्यांना वाट काढून बाहेर पडायलाच वेळ लागला.

तुम्हीही आत्ता वाचता वाचता जीभ एकदा हिरड्यांवरून फिरवलीतच. आणि तुमच्या मनात जो प्रश्न आला, तो प्रयागबाई पुढे काय खात होत्या, हा नव्हता. ते यंत्र अजून चालू आहे का, हा होता.