सासऱ्यांच्या फोटोखालची मुफोलेत्ता

धंदा कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये! हे वाक्य मी सासूबाईंच्या तोंडावर फेकलं, तेही भरल्या जेवणाच्या टेबलावर. आगाताने, म्हणजे माझ्या बायकोने, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण बाण सुटला होता!

सासूबाई म्हणजे दोन्ना फिलिप्पा. पालेर्मोत कबरस्तानाच्या फाटकाशी त्यांचा मुफोलेत्ताचा गाडा. एरवी धंदा बेताचाच. पण दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, अख्खं शहर शेवंतीचे गुच्छ घेऊन आपल्या गेलेल्या माणसांना भेटायला येतं, आणि मुफोलेत्ता खाल्ल्याशिवाय परत जात नाही. गरम गोल पाव चिरायचा, आत तेल, खारवलेले मासे, चीज, मिरपूड. बस्स! आता सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. गाडा एक तर मला मिळणार होता, नाहीतर त्यांच्या भाच्याला, मिम्मोला. मिम्मो! ज्याला हसताना त्याच्या आईनेसुद्धा पाहिलेलं नाही!

मला तर गाडा हवाच होता. बंदराच्या ऑफिसात खुर्ची झिजवून जीव विटला होता माझा.

"ठीक आहे जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "उद्या मृतांचा दिवस, सकाळ तुमची. दुपारी काय ते ठरवते."

आता नुसता पाव कुणीही विकेल हो! मी गाड्याला रूप दिलं. पांढरी चादर अंथरली, शेवंती ठेवली, दोन लाल दिवे लावले. आणि मधोमध कैलासवासी सासऱ्यांचा, साव्हेरिओंचा, हाऽऽ एवढा फोटो! म्हटलं, लोकांना कळू दे, दुकान जुनं आहे!

पहिली आली काळी शाल पांघरलेली आजी. फोटो बघून तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

"कधी गेले रे?"

"झाली काही वर्षं. देऊ का एक गरम?"

"दे बाबा, त्यांच्या नावाने खाते."

तिने मुफोलेत्ता घेतली. मी पैशांसाठी हात पुढे केला. तर तिने तो दोन्ही हातांत धरून दाबला! "धीर धर," म्हणाली आणि निघून गेली.

मागचे लोक बघतच होते.

"फुकट वाटतायत वाटतं!"

"कुणाच्या नावाने?"

"साव्हेरिओंच्या."

"कोण साव्हेरिओ?"

"कुणास ठाऊक! पण देवमाणूस होता!"

बघता बघता रांग रस्त्यापर्यंत! जो येतो तो माझा हात दाबतो, गळ्यात पडतो, पाव उचलतो. एका टकल्या गृहस्थाला मी हळूच म्हटलं, "अहो, पैसे..." तर तो हुंदका देऊन म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसलात! माणूस गेला ना!" आणि दोन पाव घेऊन गेला.

मी फोटो उतरवायला गेलो, तर एक बाई किंचाळली, "राहू द्या! मागच्यांना दर्शन व्हायचंय!"

शेवटी मी स्टुलावर चढलो आणि जीव खाऊन ओरडलो, "हे विकायला आहे होऽऽ!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग ती बाई हळहळली, "दुःखाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं!" चौघांनी मला अलगद उतरवून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. आणि टकल्या गृहस्थाने गाड्याचा ताबा घेतला! माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने वाटत होता मेला, आणि चीज तर काय, बापाचं असल्यासारखं! त्यात पाद्रीबुवा आले. त्यांनी एक खाल्ली, एक झग्याच्या खिशात टाकली आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली.

आणि नेमक्या तेव्हाच, काठी टेकत, सासूबाई! मागे मिम्मो.

"विधवा आली!" कुणीतरी कुजबुजलं. रांग दुभंगली. बायका सासूबाईंच्या गळ्यात पडून रडू लागल्या. सासूबाई आधी गोंधळल्या, मग फोटोकडे बघून त्यांनाही हुंदका फुटला. मी खुर्चीतच डोळे मिटून घेतले. मेलो!

तर त्यांनी मला जवळ घेतलं हो! लग्नाच्या दिवशीसुद्धा घेतलं नव्हतं!

"ह्यांच्या अंत्ययात्रेलाही एवढी माणसं नव्हती रे," त्या स्फुंदत म्हणाल्या. "आज ह्यांना केवढं बरं वाटलं असेल!"

माझी छाती फुगली. ऑफिसातल्या साहेबाला काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवू लागलो.

सासूबाईंनी डोळे पुसले, गल्ल्यात डोकावलं आणि म्हणाल्या, "गाडा मिम्मोचा."

"का पण?"

"हेही अस्से तुमच्यासारखेच होते! गिऱ्हाइकाने नुसता उसासा टाकला की ह्यांनी पाव फुकट दिलाच. म्हणून तर जन्मभर ह्यांना गाड्यामागे बसवलं, मासे धुवायला." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती जागा मोकळी आहे हो जावईबापू!"

तेव्हापासून ऑफिस सुटलं नाहीच, वर सुट्टीच्या दिवशी गाड्यामागे बसून खाऱ्या माशांचं मीठ धुतो. आगाता म्हणते, "तुला अगदी बाबांसारखा वास येतो!"

कौतुकानेच म्हणत असावी.