बिनपरवाना उद्या

'की वेस्ट' नावाच्या बेटावर टोपणनाव नसलेला माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, असं हिलारिओ पिंडर छाती फुगवून सांगायचा. बेट चार मैलांचं. इथं कुणाची चूक लपत नाही आणि एकदा चुकलात की तीच चूक तुमचं नाव होऊन बसते. रस्त्याकडेच्या खिडकीतून कॉफी विकणारा चेंचो कप कधी काठोकाठ भरत नाही, म्हणून तो 'अर्धा कप'. पोस्टमन एकदा पत्रांसकट धक्क्यावरून पाण्यात पडला, तो गेली बावीस वर्षं 'ओलं पाकीट' आहे. त्याची बायकोसुद्धा त्याला पाकीटच म्हणते. पिंडरला मात्र सगळे 'मिस्टर पिंडर' म्हणत.

हा सगळा परवान्याचा मान, असं त्याचं ठाम मत होतं. एसीच्या कामाचा सरकारी परवाना त्यानं तिसऱ्या खेपेला परीक्षा पास होऊन मिळवला होता. तो फ्रेम करून बैठकीत लावला होता, येशूच्या तसबिरीपेक्षा वीतभर वर. गाडीच्या दोन्ही अंगांना 'परवानाधारक' ही अक्षरं एवढी मोठी रंगवली होती, की फोन नंबराला जागा उरली ती दाराच्या फटीपाशी.

काम तो चांगलं करायचा, याबद्दल वाद नाही. पण इथली खारी हवा एसीची कॉइल वाळवीसारखी खाते, सुटे भाग मुख्य भूमीवरून बेचाळीस पूल ओलांडून येतात, आणि गिऱ्हाइकाला तर सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. माणूस एकटा पुरणार कुठं?

तर ऑगस्टचा महिना. अंगाला शर्ट चिकटलेला, फोन सतत खणखणतोय, आणि अशात पिंडरला त्या 'उद्या'चा सुगावा लागला.

पियानो शिकवून निवृत्त झालेल्या मिस थिओडोरांच्या पायऱ्या तो चढत होता. आत त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, की पंखा मागच्या वर्षी 'उद्या'नं बदलला आणि तेव्हापासून म्हशीसारखा घुरघुरतोय. पिंडरला पाहताच त्यांनी फोन ठेवला आणि एकदम हवापाण्याचं बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खिडकीशी दोघं जण कुरकुरत होते, की उद्या तीन आठवडे फिरकला नाही. पिंडर जवळ येताच दोघंही रस्त्यावरच्या कोंबड्या मोजू लागले.

म्हणजे बेटावर कुणीतरी उद्या नावाचा भामटा एसीची कामं करत होता! आणि सगळे मिळून त्याला पाठीशी घालत होते. पिंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा उद्या कोण?" त्यानं चेंचोला विचारलं.

चेंचोनं एकच कप बराच वेळ पुसला. "आहे एक. माणूस वाईट नाही."

"परवाना आहे त्याच्याकडं?"

"असं ऐकलंय बुवा."

"कुणाकडून?"

"त्याच्याकडूनच," चेंचो म्हणाला. "सारखं तेच सांगत असतो."

खोटारडासुद्धा आहे! पिंडरनं घरी येऊन तक्रारीचा फॉर्म भरला. त्याची बायको ओडालिस वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला. कशाला कुणाच्या पोटावर पाय देतोस, असं तिनं विचारून पाहिलं. मग, अरे, मला तुला काहीतरी सांगायचंय, असंही म्हणाली.

"आत्ता नको," पिंडर म्हणाला. "उद्या सांग."

तिनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की परवानाधारकानं खोटी तक्रार केल्यास त्याचाच परवाना जप्त होऊ शकतो. पिंडरनं त्याखाली झोकात सही ठोकली. फोन नंबर मात्र ओडालिसचा दिला. त्याच्या स्वतःच्या फोनवर गिऱ्हाइकांचा तगादा असायचा, तो उचलायची त्याला भीती वाटायची.

सोमवारी परवाना खात्याच्या तपासनीस मिस हॉलोवे बेटावर उतरल्या. पेलिकन गल्लीत, मिस थिओडोरांच्या शेजारी त्यांनी एक लाकडी बंगली भाड्यानं घेतली आणि तिथल्या एसीची वायर स्वतः उपटली. शेजारणीकडून त्या उद्याचा नंबर मिळवणार, त्याला बोलावणार आणि रंगेहाथ पकडणार. हा बेत त्यांनी ओडालिसच्या फोनवर लिहून कळवला. पिंडरनं तो चारदा वाचला.

त्या दिवसापासून त्याचं कामात लक्ष लागेना. गाडीत बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांवर पाळत ठेवी. मधे कुणा बाईचा फोन आला, एसी बंद आहे म्हणून. ती पत्ता सांगायच्या आत त्यानं "उद्या येतो" म्हणून ठेवून दिला. बुधवारी तिचाच पुन्हा आला, तेव्हाही तेच.

गुरुवारी ओडालिसच्या फोनवर निरोप होता: 'आरोपी तीन दिवस हुलकावणी देतोय. घर भट्टी झालंय. आज त्याला आणतेच. ओळख पटवायला या, पण लपून राहा.'

पिंडर बंगलीसमोरच्या जास्वंदीच्या झाडीत जाऊन बसला. आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती त्याच्या पोटरीला टोचायला लागली. त्यानं दात आवळून धरले. पलीकडच्या ओसरीत मिस थिओडोरा खुर्ची ओढून बसल्या. कुंपणाशी चेंचोही होता. खिडकी बंद करून आला होता म्हणजे खबर बेटभर झाली होती.

मिस हॉलोवे दारात आल्या. घामानं त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी फोन लावला आणि जास्वंदीत घंटी वाजली.

पिंडरनं घाईघाईनं फोन कानाला लावला आणि तोंडावर हात धरून म्हणाला, "बाई, मी फार महत्त्वाच्या कामात आहे. उद्या येतो."

हे वाक्य मिस हॉलोवेंना एका कानानं फोनमधून आणि दुसऱ्या कानानं झाडीतून ऐकू आलं.

"बाहेर या, उद्या," त्या म्हणाल्या.

हेही पिंडरला दोन्ही कानांनी ऐकू आलं. मग त्यानं सगळ्यांची तोंडं पाहिली. मिस थिओडोरा हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, अठरा वर्षं झाली रे. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

अठरा वर्षं! त्याला कोंबडीच्या जागी जाऊन बसावंसं वाटलं. मग त्यानं परवान्याचा खिशातला छोटा दाखला पुढं केला.

मिस हॉलोवेंनी तो उलटसुलट पाहिला. "परवाना खरा आहे. म्हणजे तक्रार खोटी. आणि खोट्या तक्रारीची शिक्षा तुम्ही वाचून सही केली आहे."

पिंडरनं पाणी मागितलं. चेंचो पाणी घेऊन आला, अर्धाच कप.

"पण," त्या पुढं म्हणाल्या, "ज्याच्यावर खोटी तक्रार झाली, त्यानं हरकत घ्यावी लागते. तुमची तुमच्याविरुद्ध काही हरकत आहे का?"

पिंडरनं खरोखरच विचार केला. अठरा वर्षांत या उद्यानं किती छळलंय, हे त्यालाही ठाऊक होतं. "नाही," तो शेवटी म्हणाला.

"तसं लिहून सही करा. आणि आता एसी लावा. आत्ता."

त्यानं वायर जोडली. चार मिनिटांचं काम होतं.

महिन्याभरात नवा परवाना आला. तक्रारीच्या नोंदीतली सगळी नावं त्यावर घालायचा नियम होता, म्हणून छापलं होतं: 'हिलारिओ पिंडर ऊर्फ उद्या.' ओडालिसनं तो निमूटपणे फ्रेम केला, पण येशूच्या तसबिरीखाली लावला.

पिंडरनंही धडा घेतला. 'उद्या' हा शब्द त्यानं कायमचा टाकला. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो आता चटकन म्हणतो, "परवा येतो."

परवाच ओडालिसबरोबर तो कॉफी प्यायला गेला होता. खिडकीशी दोघं जण त्याच्या गाडीवरची अक्षरं वाचत होते. "परवा... नाधारक," एक जण म्हणाला. "बरोबर लिहिलंय."

"हा परवा कोण?" पिंडरनं विचारलं आणि तक्रार करायला त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

ओडालिसनं त्याचा फोन काढून घेतला.