गैरहजर नाही, एएफके

आमच्या शाळेत हजेरीची तीन उत्तरं चालायची. हजर, गैरहजर आणि एएफके. तिसरं सरकारी हजेरीपटात नाही, ते भोयेबाईंनी आणलं. सातवीची हजेरी घेताना बाई "जयवंती" असं मोठ्यांदा म्हणायच्या, रिकाम्या बाकाकडे बघायच्या आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "एएफके!" मग बाई पुढचं नाव घ्यायच्या.

मोबाईलवर बंदुकांचे खेळ असतात ना, त्यातली ही भाषा. खेळणारा जागेवरून उठलाय, पण त्यानं खेळ सोडलेला नाही, असा त्याचा अर्थ. हे मला बाईंनीच समजावून सांगितलं, तेही अशा चेहऱ्यानं की एवढं साधं न कळणारा माणूस गुरुजी झालाच कसा!

बाईंचं वय त्रेपन्न. कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात अबोली, पायात कापडी बूट. राहायला जव्हारला, एकट्या. शाळा खोडाळ्याच्या अलीकडे एका पाड्यावर. रोज जुन्या स्कूटीवरून येतात. रस्त्यात पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, बाई बँकेत पासबुक भरायला निघाल्यात. तोंड उघडलं की मात्र समोरचा गार पडतो.

चहाचा पहिला घोट घेतला की बाई म्हणायच्या, "हां, आता रिवाइव्ह झाले." म्हणजे खेळात मेलेला खेळाडू परत उठला. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना त्या एकदा म्हणाल्या, "ओपी, मावशी, एकदम ओपी!" ही खरं तर शाबासकी. पण मावशींना ती शिवी वाटली आणि पुढचे दोन दिवस बाईंच्या ताटलीत खिचडीपेक्षा पाणी जास्त पडलं. जव्हारच्या प्रशिक्षणात तज्ज्ञांचं यंत्र मधेच बंद पडलं. सगळे अदबीनं गप्प बसलेले, आणि बाईंचा खणखणीत आवाज, "सर लॅग मारतायत!" लॅग म्हणजे खेळ मधेच अडकणं. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मी शेजारीच होतो. खोटं कशाला बोलू, मी माझी खुर्ची हळूच वीतभर लांब सरकवली.

शब्दांचं असं असतं. बाईंनी तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं, पण चार शब्द वेगळे बोलल्या आणि लोकांनी त्यांचा निकाल लावून टाकला. मुख्याध्यापकांना वाटायचं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवे शिक्षक त्यांना तोंडावर 'कडक बाई' म्हणायचे आणि पाठीमागे हसायचे. पोरांच्या आयांना वाटायचं, बाई वाया गेली.

मला काय वाटायचं? मला लाज वाटायची. नाशिकहून सासुरवाडीची मंडळी आली होती, त्यांना मी जव्हारजवळचं शिरपामाळ दाखवायला नेलं. महाराजांचा मुक्काम इथं होता वगैरे मी मेहुण्याला सांगत होतो. तेवढ्यात खडकाआडून आरोळी आली, "मागून येतोय! मार, मार त्याला! अगं नूब, झाडामागं लप!" सासूबाईंनी माझा दंड धरला. बघतो तर भोयेबाई. कानात त्या वायरी, हातात फोन, पदर खोचलेला. नूब म्हणजे नवशिका, अगदीच कच्चा खेळाडू. मी मंडळींना घाईघाईनं दुसऱ्या बाजूला वळवलं आणि "इथं वेडी माणसं फार फिरतात," असं म्हणून मोकळा झालो.

बाई तिथं का खेळायच्या तेही ऐका. घरी खेळताना त्या इतक्या ओरडायच्या की एकदा खालचे घरमालक काठी घेऊन वर धावत आले होते.

पुढचं मात्र माझ्याच हातून घडलं. खोडाळ्याच्या बाजारच्या दिवशी, चहाच्या टपरीवर, मी बाईंची नक्कल केली. लॅग केला, नूब केला, हजेरीतला एएफके तर हात हलवून केला. माणसं पोट धरून हसली. सगळ्यात जास्त हसले आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष लक्ष्मणभाऊ. आठ दिवसांनी तेच लक्ष्मणभाऊ शाळेत आले तेव्हा हसत नव्हते.

"गुरुजी, आमी पोरां शालंत शिकायला धाडताव का गेम खेलायला?" त्यांनी मलाच विचारलं. "बाई पोरांसंगं मोबाईलवर खेलतं, सगल्या गावात झालंय."

तक्रार वर गेली, चौकशीला एक साहेब आले. बोलले अगदी सभ्यपणे. बाईंनी वाद घातला नाही. विद्यार्थ्यांबरोबर मोबाईलवर खेळणार नाही, ती भाषा वापरणार नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत "जयवंती" म्हणाल्या. वर्गानं तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला आणि स्वतःच म्हणाल्या, "गैरहजर." मी शेजारच्या वर्गात होतो, मला ते ऐकू आलं. बरं वाटलं नाही.

आता जयवंतीबद्दल सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची निम्मी घरं बंद होतात. माणसं भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर जातात. होळीला मात्र सगळे घरी येतात, कितीही लांब असोत. होळी झाली की परत भट्टी. या फेऱ्यात बारकी पोरं आज ना उद्या शाळेत येतात. सातवीतली मुलगी एकदा विटा उचलायला लागली की बहुतेक वेळा येत नाही. जयवंती या दिवाळीनंतर गेली होती. होळीनंतर ती परत भट्टीवर जाणार की शाळेत येऊन वार्षिक परीक्षेला बसणार, एवढाच प्रश्न होता. पण तिच्यासाठी तोच सगळा होता.

होळीला तीन आठवडे उरले असताना मी एका संध्याकाळी मुद्दाम शिरपामाळला गेलो. बाई त्याच खडकापाशी बसलेल्या, फोन मांडीवर बंद.

"टपरीवरची ती नक्कल मी केली होती, बाई," मी सांगून टाकलं.

"माहितेय. चांगली जमली होती म्हणे." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मला हे सगळं जयवंतीनंच शिकवलं, गुरुजी. मागच्या वर्षी ती भट्टीवरून शिकून आली. यंदा ती गेली तेव्हा मी आधी तिच्या बापाला फोन करायचे. 'नमस्कार, मी शाळेतून भोयेबाई बोलतेय.' एवढं म्हटलं की फोन बंद. शाळेतून म्हटलं की त्यांना वाटतं, आता ही रागावणार. संध्याकाळी बापाचा फोन तिच्या हातात असायचा आणि त्या खेळात बोलताही येतं, मग मी तिला तिथंच गाठलं. 'ए नूब, ऊठ' म्हटलं की पोरगी हसायची आणि तासभर थांबायची."

"तासभर नुसतं खेळायचात?"

"अर्धा तास खेळ, अर्धा तास पाढे. पाढा आला नाही तर मी तिला रिवाइव्ह करत नसे. पडू दे मेलेली." बाई हसल्या. "आणि खरं सांगू का? घरी माझ्या कोण आहे? सहा वाजले की कुणीतरी विचारायचं, 'बाई, कुठं हात?' म्हणजे कुठं आहात, एवढंच. आता महिना झाला, कुणी विचारलं नाही. तिला वाटत असेल, बाईंनी सोडलं."

मी खिशातला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "मी काही लिहून दिलेलं नाही."

बाईंनी तो खेळ माझ्या फोनात घातला आणि त्यात जयवंतीला शोधून दिलं. मला नावही त्यांनीच दिलं, 'नूब गुरुजी'. सहा वाजले, ऊन अजून होतं. जयवंतीच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, म्हणजे ती खेळायला आली. मी घसा खाकरला.

"नमस्कार. मी शाळेतून शेवाळे गुरुजी बोलतोय."

ठिपका गेला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. लेखी दिलेलं होतं, म्हणून त्या काही केल्या बोलायला तयार नव्हत्या. नुसत्या हातानं खुणा करत होत्या, की असं नाही, तसं! बऱ्याच वेळानं ठिपका परत आला. मी आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं आणि ओरडलो,

"ए नूब! जित्ती हास का?"

पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. "जित्ती हाव! कोन रं तू?"

माझं वय त्रेचाळीस, डोक्यावर अर्धं टक्कल, आणि एका विद्यार्थिनीनं मला 'कोन रं तू' विचारलं. राग यायला हवा होता, पण मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

"शालंतला," मी म्हणालो.

"बाई कुठं हात?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं आणि मान नाही-नाही अशी हलवत होत्या.

"एएफके," मी म्हणालो.

पलीकडे लांबून कुणीतरी तिला कामाला हाक मारत होतं.

"म्हंजे येतील?"

"येतील."

"मंग मी पन येन," ती म्हणाली. "होलीला. बापूसला सांगतंय. तू बाईंना सांग, माजा बाक कोनाला देव नको."

बाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. काही बोलायचं म्हणून मी पुढे गेलो, तर त्यांनी डोळे पुसले, माझ्या अगदी कानाशी आल्या आणि पलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

"सतराचा विचारा."

सतराचा मला स्वतःला कधी धड आलेला नाही. पण मी विचारला.