परबसाहेबांची पिल्लं

परबसाहेब पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा त्यांनी माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, ऑक्सिजन ठीक आहे ना?"

आई ठणठणीत आहे. पण त्या प्रश्नानं तिचा चेहरा असा उतरला की विचारू नका. साहेब गेल्यावर मला म्हणाली, "शुभे, डॉक्टर तुला काही बोललेत का? माझ्यापासून लपवू नकोस हं." पुढचे काही दिवस ती खिडकीत उभी राहून खोल खोल श्वास घेऊन बघत होती. मग कळलं की हा गृहस्थ सगळ्यांनाच हे विचारतो. वॉचमनला, दूधवाल्याला, एकदा तर लिफ्टमध्ये भेटलेल्या तान्ह्या बाळालासुद्धा. दिवसभर माशांच्या टाक्यांतला ऑक्सिजन मोजायचा म्हटल्यावर "कसे आहात" तोंडात यायचं कुठून?

ते बदलापूरला आमच्याच मजल्यावर राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मूळचे मालवणकडचे. उल्हास नदीत पूर्वी जे मासे होते ते पुन्हा आणून सोडायचे, असा एक सरकारी कार्यक्रम आहे आणि त्याचे प्रमुख हे. प्रमुख म्हटलं की गाडी, केबिन, शिपाई डोळ्यांसमोर येतात. तसलं काही नाही. गावाबाहेर नदीकाठी एक मातीचं तळं, दोन सिमेंटच्या टाक्या, पत्र्याची शेड आणि राखणीला गणपत. गाडी मंजूर झाली आहे असं मी ते राहायला आल्यापासून ऐकते आहे. तोपर्यंत गाडी म्हणजे माझी स्कूटर.

"शुभाताई, त्याच बाजूला चाललाय ना?"

मी त्या बाजूला कधीच चाललेली नसते. माझं ऑफिस अंबरनाथला, म्हणजे बरोब्बर उलट दिशेला. पण समोर उभ्या माणसाचं तोंड एवढंसं झालेलं असलं की नाही कसं म्हणायचं? मग ते मागे बसणार, मांडीवर कॅन, कॅनमध्ये पिल्लं आणि माझ्या कानाशी रनिंग कॉमेंट्री. "हळू... रिक्षा... खड्डो इलो गो बाय, खड्डो! पाणी डुचमळता!" घाबरले की त्यांची मालवणी सुरू होते, आणि घाबरलेले ते कायमच असतात. एकदा मी भर चौकात स्कूटर उभी केली आणि म्हटलं, "साहेब, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर तोंड बंद ठेवा." बिचारे गप्प झाले. थोड्या वेळानं मागून बारीक आवाज आला, "सिग्नल हिरवो झालो."

त्यांचा सगळा जीव खडस नावाच्या माशात. सोनेरी खवल्यांचा, वाहत्या स्वच्छ पाण्यात राहणारा. काठावरच्या गावांतली म्हातारी माणसं सांगतात, आमच्या लहानपणी इथे खडस पोत्यानं मिळायचा. आता त्या नदीत काय काय मिळतं ते न बोललेलं बरं. साहेबांनी घाटाजवळच्या ओढ्यांतून थोडे मोठे मासे मिळवले, त्यांची पिल्लं काढली आणि तळ्यात वाढवायला घेतली. पहिल्या खेपेला कुणीतरी कारखान्याच्या रसायनांचा टँकर आणून शेजारच्या नाल्यात सोडला, ते पाणी तळ्यात आलं आणि सगळी पिल्लं उलटी होऊन तरंगली. तेव्हापासून ऑफिसात साहेबांच्या माघारी त्यांना काय म्हणतात ते मला गणपतनं सांगितलं, पण मी ते इथे लिहिणार नाही. वरून तोंडी निरोप होता: या खेपेला पिल्लं नदीत गेली तर ठीक, नाहीतर कार्यक्रम गुंडाळा. साहेब येत्या वर्षात निवृत्त होणार. म्हणजे ही शेवटचीच खेप.

त्यामुळे यंदाचा उन्हाळा आमच्या अख्ख्या मजल्यानं जीव मुठीत धरून काढला. शुक्रवारी लाइट गेली की साहेब जिन्यावरून धडाधड खाली. तळ्यातला हवेचा पंप बंद पडलेला असणार ना! मग तिथे जाऊन ते आणि गणपत बादलीनं पाणी उचलून उंचावरून तळ्यात ओतत बसायचे, लाइट येईपर्यंत. पाण्यात हवा मिसळते म्हणे. ही धास्ती संसर्गजन्य असते, मी अनुभवानं सांगते. ऑफिसात पंखा थांबला की मीसुद्धा बादली शोधायला धावायचे. आई तर देवासमोर हात जोडून "त्या परबांची लाइट जाऊ देऊ नकोस" म्हणायची. आमची गेली तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

साहेबांना मित्र असा एकच. लछूभाई. उल्हासनगर कॅम्प दोनला त्यांचं प्लास्टिकच्या पिशव्यांचं दुकान. पिल्लं नेताना पिशवीत पाणी आणि हवा भरून तोंड बांधतात, त्या पिशव्या त्यांच्याकडच्या. दोघांची भेट म्हणजे भांडण. साहेब पिशवी कानाशी धरून चुरगाळणार आणि म्हणणार, "पातळ आहे." लछूभाई छातीवर हात ठेवून म्हणणार, "साईं, ही पिशवी फाटली ना, तर लछू नाम बदल देगा! बच्चे कैसे हैं?" पिल्लांना ते बच्चेच म्हणायचे. पुढचा तासभर दोघं गल्ल्यामागे बसून त्या बच्च्यांबद्दल बोलत, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं.

उन्हाळा सरला, पाऊस ओसरला, नदीचं पाणी निवळलं. मंगळवारी पिल्लं सोडायची ठरली. मोठे अधिकारी येणार होते. रविवारी सकाळी मी साहेबांना घेऊन तळ्यावर गेले, तर लछूभाई आमच्या आधीच हजर. पांढरा झब्बा, कपाळाला टिळा, हातात मिठाईचा खोका, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"साईं, मुंह मीठा करो! मैंने मानता पूरी कर दी!"

"कसली मानता?" साहेबांनी विचारलं.

मग हळूहळू कळलं. लछूभाईंनी झुलेलालच्या मंदिरात नवस बोलला होता. परबसाईंचे बच्चे उन्हाळ्यात जगले, तर बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन त्यांना जीवदान देईन. तसे त्यांनी काल संध्याकाळी बाजारातून टोपलीभर जिवंत मासे घेतले आणि सोडायला सगळ्यात चांगली, सुरक्षित जागा कुठली, तर आपल्या साईंचं तळं! गणपतनं साहेबांचे दोस्त म्हणून फाटक उघडलं, वर हातही जोडले.

"कुठले मासे?" साहेबांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"वो... मिशीवाले. मांगूर."

मांगूर हा बाहेरून आलेला मासा. पाळायला बंदी आहे, तरी बाजारात मिळतो. पाण्याबाहेरही कितीतरी वेळ जिवंत राहतो, म्हणून तर जिवंत मिळतो. आणि समोर येईल ते खातो. रात्रभर तो त्या तळ्यात होता.

माझा तर तोल सुटला. "अहो, अक्कल गहाण ठेवली होती का? विचारायचं नाही एकदा? वर्षभर हा माणूस जीव टाकतोय आणि तुम्ही..." मी आणखीही बरंच बोलले. लछूभाईंचा खोका हातातून खाली पडला. ते मटकन बांधावर बसले आणि डोक्याला हात लावून रडायला लागले. "साईं, मैंने तो भला सोचा था... मुझे मारो, साईं."

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे कोसळणार. खड्ड्याला घाबरणारा माणूस! पण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "गणपत, मोटर लाव, पाणी उपस. शुभाताई, टाक्या भरून घ्या. लछूभाई, उठा. चला माझ्याबरोबर आत."

दिवसभर आम्ही तेच केलं. पाणी कमी होईल तशी बारीक जाळीनं पिल्लं उचलून टाक्यांत हलवली. मांगूर मात्र चिखलात शिरून बसले. ते हातानंच चाचपून काढावे लागतात आणि त्यांचे काटे असे लागतात की बोटं सुजतात. साहेब आणि लछूभाई कमरेपर्यंत चिखलात, शेजारी शेजारी. लछूभाईंचा पांढरा झब्बा कुठला आणि चिखल कुठला, ते कळेना. दिवस मावळायच्या आत शेवटचा मांगूर बाहेर आला. पिल्लं निम्मीसुद्धा उरली नव्हती. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

मंगळवारी अधिकारी आले. कमी का, असं विचारलं. साहेबांनी सांगितलं, "तळ्यात बाहेरचे मासे शिरले. जबाबदारी माझी." लछूभाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. फोटो झाले, पिशव्या उघडल्या, पिल्लं पाण्यात गेली. पुढच्या वर्षी कार्यक्रम राहील की नाही, ते बघू म्हणून अधिकारी गाडीत बसले.

लछूभाई दूर, बाभळीखाली उभे होते. जवळ यायची हिंमत नव्हती. साहेब शेडमध्ये गेले आणि एक पिशवी घेऊन आले. तिच्यात थोडी पिल्लं त्यांनी मागे ठेवली होती. ती त्यांनी लछूभाईंच्या हातात दिली.

"मला नको साईं," लछूभाई मागे सरकले. "माझ्या हाताला पाप लागलंय."

"धरा," साहेब म्हणाले. "तुमचो नवस फेडूचो रवलो हा."

लछूभाई गुडघाभर पाण्यात उतरले, पिशवीची गाठ सोडली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत पिशवी तिरकी केली.

परतताना न राहवून मी विचारलंच, "साहेब, तुम्हाला त्यांचा राग कसा नाही आला?"

 मागून साहेब म्हणाले, "इलो ना राग. मेल्याचो गळो धरूचो असा वाटला. पण ताई, इतकी वर्षं नोकरी केली. माझ्या माशांसाठी कोणी देवाला नवस बोललं नव्हतं."