साळूबाईचं उद्यापन आणि रांजणाएवढा सबवूफर

एका जंगलात, बाळांनो, लाइट कधीच जात नसे. यावरूनच ओळखा, गोष्ट खोटी आहे.

त्या जंगलात साळूबाई राहायची. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा. तिचं पिल्लू तापाने फणफणलं, तेव्हा तिने वनदेवीचे शुक्रवार धरले. पिल्लू बरं झालं. आता उद्यापन होतं. साळूबाईने देवीला शब्द दिला होता, "उद्यापनाच्या दिवशी कथा जंगलातल्या प्रत्येकाच्या कानात जाईल. तोवर मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

कथा सांगायचे अस्वलकाका. काकांचा आवाज इतका खर्जातला, की साध्या कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू यायची. म्हणून मंडळाने ॲम्प्लिफायर घेतला होता, आणि खर्जाचा आवाज काढणारा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर. पण सबवूफर गजाभाऊंच्या वाढदिवसाला फाटला. गजाभाऊ म्हणजे हत्ती, मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा वाढदिवस वर्षातून दोन-तीनदा तरी यायचाच.

उद्यापनाच्या सकाळी सगळे ॲम्प्लिफायर घेऊन कोल्हेशेठच्या दुकानात जमले.

"मोठ्यात मोठा दाखवा," गजाभाऊ म्हणाले. "माझ्याकडे बघून दाखवा."

कोल्हेशेठने रांजणाएवढा सबवूफर पुढे ढकलला. "दोन ओहमचा आहे, भाऊ. ओहम म्हणजे अडथळा. तुमचा ॲम्प्लिफायर चार ओहमवाला. म्हणजे बघा, अडथळा निम्मा, आवाज दुप्पट!"

साळूबाईने चष्मा लावला आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचं लेबल वाचलं. तीनशे वॅट. चार ओहमपेक्षा कमी जोडू नये.

"अहो शेठ, अडथळा निम्मा म्हणजे हा करंटही दुप्पट ओढणार. आकडा लहान न् भूक मोठी, असला जावई आहे हा. आमच्या ॲम्प्लिफायरला पोसवेल का? त्यापेक्षा तो कोपऱ्यातला द्या. चार ओहमचा, तीनशे वॅटचा."

"तो?" गजाभाऊ सोंडेतून हसले. "तो माझ्या कानाएवढासुद्धा नाही. वहिनी, तुम्ही आपलं प्रसादाचं बघा."

तरी शंका नको, म्हणून बगळेगुरुजींना बोलावलं. गुरुजींनी एका पायावर उभं राहून ॲम्प्लिफायर आणि रांजण, दोघांची पत्रिका मांडली. कारखाना कुठला, खोक्यातून बाहेर कधी आले, सगळं विचारलं.

"छत्तीसपैकी बत्तीस गुण!" गुरुजी म्हणाले. "ॲम्प्लिफायर मुलगी जरा तापट. पण मुलगा धिप्पाड आहे, सांभाळून घेईल."

"आणि ओहम, गुरुजी?"

"ओहम पत्रिकेत येत नाही, बाई."

झालं. देवीपुढे अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या आणि वायरी जोडल्या.

अस्वलकाका म्हणाले, "ऐका..." आणि झाडं हादरली. सबवूफरवर अक्षता थयथया नाचू लागल्या. पुढचा शब्द एकालाही कळला नाही. सगळे म्हणाले, "वा! याला म्हणतात कथा!"

इतक्यात ॲम्प्लिफायर चुलीसारखा तापला. लाल दिवा लागला. सगळं गप्प.

"पत्रिकेत दोष नाही," बगळेगुरुजी घाईघाईने म्हणाले. "यजमानीणबाईंनी उपासात काहीतरी तोंडात टाकलं असणार."

सगळ्या माना साळूबाईकडे वळल्या.

"नाही हो," ती म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटली होती बिचारीची. "सकाळपासून पाणीसुद्धा नाही."

"मग पुन्हा सगळे शुक्रवार करा," गजाभाऊ म्हणाले, आणि द्रोण पुढे केला. "शिरा छान झालाय. अजून वाढा."

प्रसाद खाऊन जो तो आपल्या वाटेने गेला. उरले अस्वलकाका, कारण त्यांना घाई कधीच नसते.

साळूबाई पुन्हा दुकानात गेली. "शेठ, तो कोपऱ्यातला द्या हो."

"न्या. तसाही त्याला कोणी विचारत नाही."

तोवर ॲम्प्लिफायर निवला होता. तिने देवीचं नाव घेतलं, रांजण काढला आणि धाकटा जोडला. लाल वायर लालला, काळी काळीला.

"काका, पहिल्यापासून."

या खेपेला झाडं हादरली नाहीत. आवाज नुसता गेला. नदीपार गेला, गुहेत गेला, बिळात गेला. शब्द न् शब्द. मगर पाण्याखाली गेली, तिथेही आला. वाघाने कानांवर पंजे ठेवले, तरी आला. आणि नेमकं तेव्हाच काका म्हणाले, "आता जो प्रसाद खाऊन कथा अर्धी टाकून गेला, त्याचं पुढे काय काय झालं, ते ऐका..."

बगळेगुरुजींच्या चोचीतला मासा तिथेच राहिला.

काय काय झालं ते काकांनी सविस्तर सांगितलं. सूर्य मावळला, तरी होतच होतं. पळायला जागा नव्हती.

शेवटी आरती झाली. साळूबाई घटाघटा पाणी प्याली. "पोचली ग बाई सगळ्यांना," तिने देवीला हात जोडले, आणि तिचं पिल्लू तिच्या मांडीवर झोपी गेलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाची सभा भरली. डोळे सगळ्यांचेच सुजलेले.

"तो धाकटा काढा," गजाभाऊ म्हणाले. "रांजणच लावा."

"पण भाऊ, तो बंद पडतो," खुद्द कोल्हेशेठ म्हणाले.

"म्हणूनच लावा. शेठ, आवाज मोठा पाहिजे. पोचायला नको."

ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य: बाळांनो, सबवूफर घेताना लेबल कधी वाचू नये, पत्रिकाच पाहावी. लेबल जुळलं, तर कथा शेवटपर्यंत ऐकावी लागते.