कीबोर्डावरचा क्रोशाचा रुमाल

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. बाल्कन डोंगराखालच्या आमच्या गावात सूत कातायचा कारखाना होता आणि त्याच्या ऑफिसात माझ्याबरोबर झ्लात्का होती. बावीस वर्षं टायपिस्ट! "मशीन कुठलंही आणा, माझ्या हाताखाली आठ दिवसांत माणसात येतं," असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि तिला खोटं पाडायला कुणी पुढे येत नसे.

म्हणून कारखान्यातला पहिला कॉम्प्युटर तिच्याच टेबलावर येऊन बसला. पाठोपाठ संचालक काराबेलोव्ह आले.

"झ्लात्का, नव्या इमारतीत बारा घरं आहेत. आपल्याला मिळतील, नाहीतर पलीकडच्या कापड गिरणीला. एक मार्चला राजधानीतून, सोफियाहून, साहेब येतायत. घरासाठी थांबलेल्यांची यादी ज्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेल, घरं त्यांची!"

"यादीत माझा नंबर?"

"सातवा. तू जीव ओतून काम करशील, म्हणून तर तुला दिलंय!"

झ्लात्का तेरा वर्षं सासूबाईंच्या दीड खोलीत राहत होती. त्यातली अर्धी खोली तिची.

कॉम्प्युटर जोडायला इंजिनिअर आस्पारुख आला. काडीसारखा बारीक तरुण, माणसांपेक्षा यंत्रांशी प्रेमाने बोलणारा. कीबोर्ड त्याने दोन्ही हातांनी उचलला, कारण तो चीज भरलेल्या बानित्साच्या परातीएवढा जड होता.

"झ्लात्काबाई, याच्या पोटात पोलादी पत्रा आहे. पुढच्या कडेला ही धातूची पट्टी. पट्टीपासून ही हिरवी-पिवळी वायर हीटरच्या गरम पाण्याच्या नळीला जाते आणि नळी जमिनीत. थंडीत हवा कोरडी असते. माणसाच्या अंगात वीज साठते. आधी पट्टीला हात लावायचा, म्हणजे वीज जमिनीत जाते. मगच बटण दाबायचं. आणि हो, धूळ नको!"

एवढ्या सगळ्यातलं झ्लात्काला शेवटचं वाक्य तेवढं मनापासून पटलं.

धूळ नको? दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं: बूट दाराबाहेर! आत यायचं तर तिने स्वतः विणलेल्या सपाता घालून, कारखान्याच्याच नकली लोकरीच्या. जमिनीवर कारखान्याचाच नायलॉनचा गालिचा अंथरला. खिडक्या घट्ट बंद केल्या, कारण मानेवर वाऱ्याचा झोत बसला की माणूस आठवडाभर आडवा होतो, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. हीटर हाताला चटका बसेस्तोवर तापवला. धातूची पट्टी मनगटाला गार लागायची, त्याने संधिवात होतो. तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. राहिली ती वायर. पायात यायची, शिवाय नव्याने रंगवलेल्या नळीवर तिचा ओरखडा उठला होता. झ्लात्काने ती सोडवली, छान गुंडाळी केली आणि गेल्या एक मार्चला शकुनाचा म्हणून मनगटाला बांधलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्याने बांधून टाकली.

खोली देवघरासारखी दिसू लागली!

मग ती टायपायला बसली. घटकाभरात बत्तीस नावं झाली. ती चहा आणायला उठली, गालिच्यावरून परत आली, बटणाला बोट लावलं आणि चट्! निळी ठिणगी उडाली. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळी सांडत गेलं आणि मग सगळा पडदा काळा. बत्तीसच्या बत्तीस नावं गुल!

दुसऱ्या दिवशी एकशे दहा गेली. तिसऱ्या दिवशी दोनशे चार.

नावं मधेमधे डिस्कवर चढवून ठेवायची, असं आस्पारुखने सांगितलं होतं. पण अर्धवट कागद झ्लात्काच्या टेबलावरून बावीस वर्षांत कधी हलला नव्हता. यादी पुरी होईल तेव्हाच चढेल!

तोवर ऑफिसात कुणी कुणाला हात लावेनासं झालं होतं. काराबेलोव्हनी हस्तांदोलनाला हात पुढे केला की लोक मागे सरकत. झ्लात्काचे केस तर साळिंदरासारखे उभे.

"याला दृष्ट लागलीय," झाडूवाली गिना मावशी म्हणाली. "कापड गिरणीवाल्यांची!"

"मावशी, हे विज्ञान आहे."

"मग तुझ्या विज्ञानाला लागलीय. बस गुमान!"

मावशीने वाडगाभर पाण्यात तीन निखारे विझवले, पुटपुटत तीन फेऱ्या घातल्या आणि ते पाणी गालिच्यावर, सपातांवर, झ्लात्काच्या डोक्यावर सपासप शिंपडलं. वर आणखी एक बादली, दृष्ट जबर म्हणून.

आणि काय सांगू! दिवसभर एक ठिणगी उडाली नाही. दोनशे नव्वद नावं झाली! मावशीने राकिया दारूची बाटली वसूल केली.

संध्याकाळी आस्पारुख डोकावला आणि दारातच किंचाळला. "पाणी? विजेच्या यंत्राजवळ पाणी?"

"दृष्ट काढलीय," झ्लात्का शांतपणे म्हणाली.

"ओल्या खोलीत अंगात वीज साठत नाही, म्हणून चाललं ते! वायर कुठाय?"

झ्लात्काने खणातून गुंडाळी काढून दिली. तो दोऱ्याची गाठ सोडायला लागला.

"आणि पट्टी कुठाय?"

"आहे की. झाकलीय."

त्याने आधी यंत्र बंद केलं, दोनशे नव्वद नावं गेली ती गेली; मग फडक्याने गालिचा पुसला, हीटरवर वाळवला, वायर नळीला आवळली, रुमाल उचलून झ्लात्काच्या हातात दिला. "उद्यापर्यंत कशालाही हात लावू नका. घर हवंय ना तुम्हाला?"

घर हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, एक मार्चला, ती पहाटेच येऊन पुन्हा पहिल्या नावापासून बसली आणि तिने प्रत्येक बटणाआधी पट्टीला हात लावला. तीनशे बारापैकी तीनशे दहा नावं झाली आणि जिन्यावर पावलं वाजली. साहेब आले! झ्लात्काने नजर फिरवली. सगळं लखलखीत, फक्त ती उघडी-नागडी पट्टी! पाहुण्यांसमोर? तिने पटकन खणातला सगळ्यात चांगला रुमाल काढून पट्टीवर पसरला.

"बूट बाहेर, साहेब!"

साहेबांनी निमूट सपाता घातल्या आणि पाय घासत सगळा गालिचा ओलांडला.

"एक बटण मी दाबू का?" त्यांनी विचारलं.

"आधी पुढच्या कडेला हात लावा, कॉम्रेड!" आस्पारुख मागून ओरडला.

साहेबांनी आज्ञाधारकपणे कडेला हात लावला. म्हणजे रुमालाला. मग बटण दाबलं.

चट्!

पडदा काळा झाला. काराबेलोव्ह पांढरे पडले. आस्पारुखने रुमाल पाहिला आणि डोळे मिटून घेतले. झ्लात्काला डोळ्यांसमोर अर्धी खोली दिसली, आणि उरलेल्या एका खोलीत बसलेल्या सासूबाई.

तिने खण उघडला. कॉम्प्युटरवर उतरवायला समोर स्वच्छ प्रत हवी, म्हणून तिने पहिल्याच दिवशी सगळी यादी आपल्या जुन्या टाइपरायटरवर काढून ठेवली होती. ती तिने साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी बोट चोळत पानं उलटली. "वा! काय सरळ ओळी! एक खाडाखोड नाही! माणसाच्या हातून हे कधी झालं असतं का?"

"छे, छे!" काराबेलोव्ह म्हणाले.

बारा घरं आम्हाला मिळाली.

साहेबांनी अहवालात आमचा कॉम्प्युटर आदर्श ठरवला. काराबेलोव्हना त्यावर बढती मिळाली. गिना मावशी एक्क्याण्णव वर्षं जगली; कॉम्प्युटर आपणच चालवला, हे तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. आस्पारुखने पुढे दुरुस्तीचं दुकान टाकलं. जुन्या कीबोर्डांत संरक्षणाची कायकाय सोय असायची हे तो गिऱ्हाइकांना तासभर समजावतो आणि शेवटी उसासा टाकून म्हणतो, "विजेपासून होती हो. झ्लात्काबाईंपासून नव्हती."

झ्लात्काला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. अख्ख्या दोन खोल्या! तिने आत नवा नायलॉनचा गालिचा घातला, दाराशी सपाता मांडल्या. वास्तूच्या जेवणाला आलेल्या प्रत्येकाला निघताना दाराच्या कडीचा झटका बसला. तिने आस्पारुखलाच विचारलं, "अरे, तुझी ती पट्टी इथे बसवून देतोस का?"

त्याने रविवारी येऊन कडीशेजारी पितळेची पट्टी ठोकली, वायर नळीपर्यंत नेली.

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. पट्टीवर क्रोशाचा रुमाल होता.